तिसरी किल्ली

भाड्याचं घर परत द्यायचा दिवस होता. मालकांतर्फे आलेल्या माणसानं मीटरचा आकडा टिपून घेतला, खिडक्या उघडून-मिटून पाहिल्या, भिंतीत बुजवलेल्या भोकांवरून बोट फिरवलं. मग खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून त्यानं हात पुढे केला. किल्ल्या. सहा वर्षांपूर्वी घर ताब्यात घेताना केलेल्या कागदावर 'किल्ल्या : 3' अशी नोंद होती आणि खाली माझी सही. जर्मनीत ही मोजदाद फार गांभीर्यानं होते. बऱ्याच इमारतींत एकाच किल्लीनं घरही उघडतं आणि खालचा मुख्य दरवाजाही. त्यामुळे एखादी जरी हरवली तरी सगळ्या इमारतीची कुलपं बदलायचा खर्च भाडेकरूच्या गळ्यात पडू शकतो. त्यानं तिन्ही किल्ल्या ओळीनं मांडल्या आणि त्यांच्यावर कोरलेले नंबर कागदाशी ताडून पाहिले. दोन काळवंडलेल्या, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. तिसरी लख्ख. ती उजेडात धरून तो सहज म्हणाला, "ही तर नवीच आहे."

एवढंच. त्यानं कागदावर खूण केली आणि तो तळघर बघायला निघून गेला.

त्या रात्री आम्ही पंधरा दिवसांसाठी घेतलेल्या एका सामानासकटच्या खोलीत होतो. मुलगी झोपली होती, नवरा लॅपटॉपवर आमचा तक्ता उघडून बसला होता. त्याची नोकरी गेली त्या आठवड्यात हा तक्ता सुरू झाला. आडव्या ओळींत देश: नेदरलँड्स, कॅनडा, जपान, पुन्हा सिंगापूर, आणि जर्मनीतच राहणं. उभे रकाने सतरा. कर, शाळा, दवाखाने, परवान्याची मुदत, नागरिकत्वाला लागणारी वर्षं, पेन्शन, भाषा, डिसेंबरातला उजेड. हो, उजेडाचा रकाना माझा. सिंगापूरला बाराही महिने बारा तासांचा दिवस असतो. बर्लिनला एकवीस डिसेंबरला तो आठ तासांचाही भरत नाही. पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारला रस्त्यावरचे दिवे लागले की माझ्या पोटात खड्डा पडायचा. म्हणून मी हट्टानं त्या रकान्याला बाकीच्यांपेक्षा जास्त गुण ठेवले होते. नवऱ्यानं वाद घातला नाही. त्यानं विचारलं, "आणखी काही राहिलंय का?" मी नाही म्हटलं, आणि आडवी पडून छताकडे बघत राहिले. डोळ्यांपुढे ती लख्ख किल्ली होती.

ती शेजाऱ्यांकडे ठेवायची होती. घर घेतलं तेव्हाच ठरलं होतं: एक त्याची, एक माझी, तिसरी कुणाकडे तरी. अडीअडचणीला असू द्यावी. सहा वर्षं ती त्या 'कुणाकडे तरी'ची वाट बघत ड्रॉवरमध्ये पडून राहिली.

देश निवडायचा म्हणजे काय, हे मला अजून नीट कळलेलं नाही, पण त्यासाठी तराजू खूप आहेत हे कळलंय. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट दर वर्षी शहरांची राहण्यायोग्यता मोजतं. स्थैर्याला 25 टक्के, संस्कृती आणि पर्यावरणाला 25, आरोग्यसेवेला 20, पायाभूत सुविधांना 20, शिक्षणाला 10. व्हिएन्ना 2022 ते 2024 अशी सलग तीन वर्षं पहिलं आलं, 2025 मध्ये कोपनहेगन. ही मोजदाद कंपन्यांच्या कामी यायची, परदेशी पाठवलेल्या माणसाला गैरसोयीपोटी किती भत्ता द्यायचा हे ठरवायला. हे कळल्यापासून मी ती यादी वेगळ्या नजरेनं वाचते. ती सांगते की माणसाला तिथे त्रास किती कमी होईल. त्रास न होणं आणि बरं वाटणं यांच्यात एक मोठी मोकळी जागा असते, आणि आमची सहा वर्षं बऱ्यापैकी त्या जागेत गेली. इंटरनेशन्स नावाची संस्था उलट बाजूनं विचारते. परदेशात राहणाऱ्यांनाच विचारते की तुम्हाला कसं वाटतंय. तिच्या 2023 च्या पाहणीत 53 देशांत मेक्सिको पहिला होता आणि जर्मनी 49वा. हा आकडा वाचला तेव्हा मला आधी हायसं वाटलं, आपल्यालाच जमलं नाही असं नाही म्हणून. मागोमाग वाईट वाटलं. कारण जर्मनीनं आमचं काही कमी केलं नव्हतं.

हे सांगायलाच हवं. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा आमच्या जिन्यात ते कुणालाही माहीत नव्हतं. तो सकाळी उठून दाढी करायचा, मुलीला शाळेत सोडायचा, परत येऊन टेबलाशी बसायचा. पण सरकारी दफ्तराला माहीत होतं. घरात मूल असलं की आधीच्या निव्वळ पगाराच्या 67 टक्के बेकारभत्ता मिळतो, नसेल तर 60. तो महिनाअखेर खात्यात जमा होत राहिला, दवाखान्याचा विमा एक दिवसही खंडित झाला नाही. कुणी दारात येऊन 'कसे आहात' विचारलं नाही आणि कुणापुढे हातही पसरावा लागला नाही. जी माणसं कधी भेटली नाहीत, भेटणारही नाहीत, त्यांच्या कापलेल्या पगारातून आमचं घर चाललं. त्या महिन्यांत बँकेचा मेसेज वाजला की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. याला काय म्हणायचं? माया म्हणता येत नाही, आणि दुसरा शब्दही सापडत नाही.

सिंगापूरला बरोबर उलटं होतं. तिथे आमचं सगळं एका वर्क पासला, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या परवान्याला टांगलेलं. आम्ही राहायचो ती सरकारी गृहनिर्माण मंडळाची इमारत होती, तिथले बहुतेक लोक राहतात तशीच. लांबच लांब सामायिक व्हरांडा, ओळीनं दारं, प्रत्येक दाराबाहेर चपलांची रांग. दिवसा आतलं लाकडी दार उघडं आणि बाहेरचं लोखंडी ग्रिल लावलेलं. त्यामुळे येता-जाता लोकांचे टीव्ही ऐकू यायचे, भांडणंही. शेजारच्या घरी साठीच्या एक बाई एकट्या राहायच्या. तिकडच्या रीतीनं आम्ही त्यांना आँटी म्हणायचो. राहायला जाऊन दोन महिनेही झाले नसतील, मी पोटुशी होते, तेव्हा आँटी ग्रिलपाशी येऊन म्हणाल्या, "किल्ली देऊन ठेव. नवरा ऑफिसात असला आणि तुला चक्कर आली तर मी काय ग्रिल तोडू?" त्यांनी ती विनंती म्हणून केलीच नव्हती. मी ग्रिलची आणि दाराची अशा दोन्ही किल्ल्या काढून दिल्या. त्यांनी त्यांना लाल दोरा बांधला आणि आपल्या दारामागच्या खिळ्याला अडकवल्या.

त्यांनी त्या किल्ल्या नको तेव्हाही वापरल्या. एकदा मी दुपारी झोपले असताना त्या घरात येऊन बाळाला उचलून घेऊन गेल्या, आणि मी उठून पाहते तर पाळणा रिकामा. तो अर्धा मिनिट मी कधी विसरणार नाही. मी त्यांच्यावर ओरडले. त्या म्हणाल्या, ते रडत होतं, तू उठली नाहीस. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी किल्ल्या परत मागाव्यात असा विचार करून मी त्यांच्या ग्रिलपर्यंत गेले. त्यांनी न विचारताच बाळासाठी हात पुढे केले आणि मी बाळ दिलं.

मग नवऱ्याच्या कंपनीनं ते काम बंद केलं. तिथल्या नियमानं पास रद्द झाल्यावर 30 दिवस मिळतात. मांडलेलं घर तीस दिवसांत आवरायचं. आमची मुलगी तिथे जन्मली होती, पण त्यानं काही होत नाही. तिथे जन्मणं म्हणजे तिथलं असणं नव्हे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला पीआर, म्हणजे कायम वास्तव्याची परवानगी मिळत होती, पण त्यांचा मुलगा मोठा होऊन सक्तीच्या लष्करी सेवेला पात्र ठरणार होता. ते रात्र-रात्र जागून त्यावर बोलत. आमच्यापुढे तोही प्रश्न नव्हता. शेवटच्या दिवशी आँटींनी लाल दोरा सोडला नाही, तसाच दोऱ्यासकट किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. मुठीत बराच वेळ धरून ठेवला असणार. तो गरम होता.

जर्मनीत आल्यावर आम्ही शहाणे झालो होतो. आता पुन्हा तीस दिवसांत उठायचं नाही. एवढं एकच डोक्यात. नवऱ्याकडे ब्लू कार्ड होतं, उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा परवाना. जर्मन भाषेची बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा दिली की 21 महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, हे त्यानं पहिल्या आठवड्यातच पाठ केलं होतं. रात्री मुलगी झोपली की तो टेबलाच्या एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला, क्रियापदं घोकत बसायचो. परवाना मिळाला त्या संध्याकाळी आम्ही दोघं नदीकाठी चालत गेलो. काहीच बोललो नाही. मला वाटलं होतं की आता छातीवरचा दगड उतरेल, आणि तो उतरलाही. फक्त त्याच्या जागी काय यायला हवं होतं, ते आलं नाही.

त्याच घरातली एक गोष्ट मी गेली पाच वर्षं लोकांना सांगत आलेय. पहिल्याच हिवाळ्यात, मुलगी नुकती दोन वर्षांची, मी कचऱ्याची पिशवी घेऊन जिन्यात आले आणि मागे दार लागलं. तिथल्या घरांच्या दारांना बाहेरून फिरवायचं हँडल बहुधा नसतंच. नुसता घट्ट बसवलेला गोळा असतो. दार ओढलं गेलं की संपलं. माझी किल्ली आत, कोट आत, फोन आत. नवरा कामासाठी दुसऱ्या शहरात. तिसरी किल्ली ड्रॉवरमध्ये. मुलगी जागी झाली. आतलं हँडल तिच्या हाताला पुरत नव्हतं. मी गुडघ्यांवर बसून दाराशी तोंड नेऊन तिच्याशी बोलत राहिले आणि दाराखालच्या फटीत तिच्या पावलांच्या दोन सावल्या हलताना बघत राहिले. समोरच्या गृहस्थांची बेल वाजवली. सत्तरीचे, एकटे. त्यांनी माझी मोडकीतोडकी वाक्यं शांतपणे ऐकली, किल्लीवाल्याला फोन केला, एक खुर्ची आणि लोकरीची शाल बाहेर आणून दिली, मान लववली आणि आपलं दार लावून घेतलं.

इथपर्यंत आलं की ऐकणारे हळहळतात. "दार लावून घेतलं?" हो, लावून घेतलं. मी पाऊण तास त्या खुर्चीवर होते. मग किल्लीवाला आला, त्यानं फटीतून प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवली, दोन झटके दिले, अर्ध्या मिनिटात दार उघडलं. तक्त्यात जर्मनीच्या ओळीला 'माणसं' या रकान्यात मी दहापैकी तीन गुण दिले, ते या लावलेल्या दाराचे.

या खोलीत छताकडे बघत पडले असताना मात्र मला त्या दिवसाचा एक तुकडा आठवला, जो मी कधीच कुणाला सांगितला नव्हता. सांगितला नव्हता म्हणजे लपवला नव्हता. तो गोष्टीत बसत नव्हता म्हणून गळून गेला होता. किल्लीवाल्यानं दार उघडलं, मुलगी माझ्या अंगावर झेपावली, आणि त्याच क्षणी समोरचं दार वीतभर उघडलं. त्या गृहस्थांनी आमच्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि दार पुन्हा मिटलं. म्हणजे तो पाऊण तास ते दारामागेच उभे होते. माझ्या मोडक्या अवस्थेकडे कुणी टक लावून बघू नये म्हणून दार लावलं असेल. त्यांच्या लेखी तीच मर्यादा असेल, तीच काळजी. मला ठाऊक नाही. पण ते आतल्या खोलीत जाऊन बसले नव्हते.

आणि पार्सलं. सहा वर्षं आम्ही घरी नसताना आलेलं प्रत्येक पार्सल त्यांनी घेतलं. कुरियरवाला टपालपेटीत चिठ्ठी टाकून जायचा, मी संध्याकाळी त्यांची बेल वाजवायची, ते पार्सल दाराशेजारीच तयार ठेवलेलं असायचं. दोन वाक्यं, तीही हवेबद्दल. सहा वर्षांत आम्ही एकमेकांना 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो नाही. त्या प्रसंगानंतर महिन्याभरानं मी तिसरी किल्ली हातात घेऊन त्यांच्या दाराशी गेले होते. बेलवर बोट ठेवलं होतं. वाटलं, त्यांना हे ओझं वाटेल. वाटलं, आपलं जर्मन धड नाही. वाटलं, नाही म्हणाले तर? मी परत फिरले. आँटींनी किल्ली मागून घेतली होती. मी स्वतःहून कधीच, कुठेच, कुणाला दिलेली नव्हती. हे मला चाळिशी उलटल्यावर, एका परक्या खोलीत, परत दिलेल्या किल्लीमुळे कळलं. मी उठून नवऱ्याला म्हटलं, "जर्मनीचे माणसांचे गुण बदल."

तो म्हणाला, "अगं, आता? आपण तर निघालोय."

"तरी बदल."

"किती करू?"

मला सांगता येईना. त्यानं तो चौकोन रिकामा केला आणि तसाच सोडला.

एव्हाना तक्ता तसा निकालात निघालाच होता. बेरजेत कॅनडा पहिला होता. पण आपण देशाला गुण देतो तसे देशही आपल्याला देत असतात. तिथे स्थायिक होण्याच्या एक्स्प्रेस एंट्री योजनेत एकूण 1200 गुण, त्यांत वय, शिक्षण, भाषा, अनुभव सगळं मोजलं जातं. जोडीदारासह अर्ज केला तर विशीतल्या माणसाला वयाचे 100 मिळतात. चाळिसाव्या वर्षी 45, एक्केचाळिसाव्याला 35, आणि पंचेचाळीस झाली की शून्य. माझ्या एक्केचाळिसाव्या वाढदिवसाला सकाळी मी ते पान उघडून पाहिलं होतं. काल रात्री झोपले ती बाई आणि आज उठलेली बाई यांच्यात दहा गुणांचा फरक. ते वाचून मला राग आला नाही. पण त्या दिवशी कुणी शुभेच्छा दिल्या की ते दहा गुण आठवायचे. जपानही गुण मोजतं. साधारणपणे कायम वास्तव्याला दहा वर्षं लागतात, उच्च कौशल्याच्या यादीत 70 गुण झाले तर तीन वर्षांत, 80 झाले तर एकाच वर्षात. नेदरलँड्समध्ये राज्याची पेन्शन तिथे काढलेल्या दर वर्षामागे 2 टक्के जमते, पन्नास वर्षांची शंभर. मी या वयात सुरुवात केली तर सदुसष्टीपर्यंत बावन्न. हा हिशोब मला का कोण जाणे सगळ्यांत प्रामाणिक वाटला. तुम्ही आमच्याकडे जितकं जगलात तितकं तुमचं, असं म्हणणारा.

निर्णय शेवटी सतराही रकान्यांनी केला नाही. नेदरलँड्समधलं काम आधी पक्कं झालं, हे एक. आणि मुलगी. तिला आम्ही तक्ता दाखवला होता, रंगीत चौकोन बघून तिला मजा वाटली. तिनं एकच विचारलं, "यातल्या कुठल्या देशात माझी मैत्रीण रेल्वेनं येऊ शकेल?" नवऱ्यानं पाचही ओळींवरून बोट फिरवलं. दोनच देश उरले, त्यातला एक आम्ही सोडत होतो. जर्मनीतला कायम वास्तव्याचा परवाना साधारणपणे सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की रद्द होतो. त्या परवान्यासाठी घोकलेली क्रियापदं अजून माझ्या तोंडात आहेत. त्यांचं काय करायचं याचं उत्तर कुठल्याच दफ्तरात नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी जुन्या जिन्यात गेले. आमच्या दारावर अजून कुणाच्या नावाची पाटी लागली नव्हती. समोरची बेल वाजवली. या वेळी हातात किल्ली नव्हती, द्यायला काहीच नव्हतं. गृहस्थ दारात आले. मी सांगितलं की उद्या आम्ही जातोय आणि सहा वर्षांच्या पार्सलांबद्दल आभार मानायचे आहेत. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग मला आत बोलावलं, पहिल्यांदाच. दारामागे भिंतीला चार खिळ्यांची लाकडी पट्टी होती. दोन खिळ्यांवर किल्ल्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली, वेगवेगळ्या मजल्यांची. दोन रिकामे. ते म्हणाले, एका शेजारीणबाईंच्या मांजराला सुट्टीत खायला घालावं लागतं, आणि वरच्या मजल्यावरचा विद्यार्थी सारखा किल्ली विसरतो. "तुम्ही कधी म्हणाला नाहीत," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. मला वाटलं होतं मी काहीतरी उत्तर देईन, पण माझ्याकडच्या क्रियापदांतलं एकही कामाचं नव्हतं. मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

नव्या घराचा ताबा घेतला त्याला आज बारा दिवस झाले. जिना इतका उभा आहे की सोफा दोर लावून खिडकीतून वर घ्यावा लागला. किल्ल्या दोनच मिळाल्या. मोजून, सही करून. चौथ्या दिवशी मी मालकीणबाईंना विचारून कोपऱ्यावरच्या किल्ल्या करणाऱ्याकडे गेले. त्यानं माझी किल्ली चिमट्यात धरली, शेजारी कोरी किल्ली लावली, यंत्र किंचाळलं, पितळेचा बारीक चुरा त्याच्या बोटांवर उडाला. कडा घासून, फुंकर मारून त्यानं ती माझ्या तळहातावर ठेवली. गरम होती.

ती अजून कोटाच्या खिशात आहे. समोरच्या घरात एक बाई राहतात, सकाळी सायकलच्या पुढच्या पेटीत दोन मुलं बसवून नेतात. काल त्यांनी हात केला. मी खिशातला हात बाहेर काढून हलवला, आणि त्या वळणावर दिसेनाशा होईपर्यंत दारातच उभी राहिले.